लंडनच्या पॅरिशमधला ‘न्यूसन्स इन्स्पेक्टर’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमध्ये घरोघर फिरून संडास, गटारे आणि पाण्याच्या टाक्या तपासणाऱ्या माणसाबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे शक्यतो वेस्टमिन्स्टरमधल्या सेंट जेम्स पॅरिशची घेतली आहेत. सोहोच्या दाट गल्ल्या आणि सेंट जेम्स स्क्वेअरचे श्रीमंत वाडे एकाच पॅरिशच्या हद्दीत येत होते, म्हणून ही निवड.

पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग ना? त्याचा गटारांशी काय संबंध?

मूळ चर्चचाच विभाग. पण इंग्लंडमध्ये गरिबांना मदत देणे, रस्ते दुरुस्त करणे, दिवाबत्ती करणे ही कामे शतकानुशतके पॅरिशच्या गळ्यात पडत गेली. कर भरणाऱ्यांची जी सभा हा कारभार बघे तिला व्हेस्ट्री म्हणत. म्हणजे नाव देवळाचे आणि काम नगरपालिकेचे. १८५५ च्या ‘मेट्रोपोलिस लोकल मॅनेजमेंट’ कायद्याने लंडनमधल्या मोठ्या पॅरिशच्या व्हेस्ट्र्यांना आणि लहान पॅरिश एकत्र करून केलेल्या जिल्हा मंडळांना दोन माणसे नेमणे बंधनकारक केले : एक डॉक्टर, म्हणजे आरोग्य अधिकारी, आणि किमान एक ‘इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस’. हाच आपला न्यूसन्स इन्स्पेक्टर. मुख्य भुयारी गटारे मात्र व्हेस्ट्रीकडे नव्हती, ती त्याच कायद्याने जन्मलेल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सकडे गेली. घरापासून रस्त्यापर्यंतचा सगळा घोळ पॅरिशचा.

हे पद लंडननेच सुरू केले का?

नाही. लिव्हरपूल पुढे होते. थॉमस फ्रेश तिथे १८४४ पासून न्यूसन्स इन्स्पेक्टरचे काम करत होता आणि १८४७ मध्ये डॉ. विल्यम हेन्री डंकन हा देशातला पहिला आरोग्य अधिकारी झाला. लंडनच्या जुन्या ‘सिटी’ भागात १८४८ मध्ये जॉन सायमन आला. सेंट जेम्स पॅरिशला १८५६ मध्ये डॉ. एडविन लँकेस्टर मिळाले.

‘न्यूसन्स’मध्ये नेमके काय मोडे?

आपण ‘काय न्यूसन्स आहे!’ म्हणतो त्याहून अर्थ बराच काटेकोर होता. १८५५ च्याच ‘न्यूसन्सेस रिमूव्हल’ कायद्यानुसार आरोग्याला अपायकारक अशा अवस्थेतली जागा, तुंबलेले किंवा घाण झालेले गटार, संडास, मोरी, मैलाखड्डा, अपाय होईल अशा रीतीने ठेवलेली जनावरे, साचवलेला उकिरडा. १८६६ च्या सॅनिटरी कायद्याने त्यात माणसांची दाटी घातली. तोवर एका खोलीत बारा जण झोपले तरी तो कायद्याने ‘न्यूसन्स’ नव्हता, खालचा संडास तुंबला तरच होता.

या इन्स्पेक्टरला शिक्षण काय लागे?

सुरुवातीला काहीच नाही. निवृत्त पोलीस, माजी सैनिक, गवंडी, प्लंबर असे लोक नेमले जात. पोलिसाला दार ठोठावायची आणि साक्ष द्यायची सवय असे, प्लंबरला नळ्या कळत. दोन्ही येणारा माणूस विरळा. १८७६ मध्ये सॅनिटरी इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून तिने परीक्षा घ्यायला सुरुवात केली. १८९१ च्या लंडन आरोग्य कायद्याने पदाचे नाव ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’ असे केले आणि १८९५ पासून नव्या नेमणुकीला प्रमाणपत्र सक्तीचे झाले. स्त्रिया आल्या त्या १८९३ मध्ये, केन्सिंग्टनमध्ये : ल्युसी डीन आणि रोझ स्क्वायर. शिवणकाम, धुलाई अशा बायकांच्या कामाच्या जागा तपासणे हे त्यांचे मुख्य काम.

घरात शिरल्यावर तो कोणत्या क्रमाने बघे?

अनुभवी माणूस आधी तळघरात आणि मागच्या अंगणात जाई, कारण घराचे सगळे पाणी शेवटी तिथेच उतरते. पुढचा क्रम साधारण असा.

*संडास.* पाण्याचा की खड्ड्याचा, किती कुटुंबांत मिळून एक, पाणी खरोखर पडते की नुसती साखळी लोंबते आहे. जुन्या ‘पॅन क्लोझेट’वर त्याचा विशेष डोळा असे. त्यात भांड्याच्या तळाशी तांब्याची एक बिजागरीची ताटली पाणी धरून बसे. दांडा ओढला की ती उलटी होऊन सगळे खालच्या लोखंडी पेटीत पडे. त्या पेटीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे मैल्याचे थर चढत आणि तिथवर कुठलाच ब्रश पोचत नसे. दर वेळी दांडा ओढला की आतली हवा घरात. वरून चकचकीत लाकूड आणि निळ्या फुलांचे चिनी मातीचे भांडे, आत हा प्रकार.

*पाण्याची टाकी.* खासगी कंपन्या दिवसातून थोडाच वेळ पाणी सोडत, म्हणून प्रत्येक घरात पिंप नाहीतर टाकी. झाकण आहे का, आत गाळ किती, हे तर बघायचेच. पण खरी मेख जादा पाण्याच्या नळीत असे. ती नळी थेट गटाराला जोडलेली असली, तर गटारातली हवा तिच्यातून वर येऊन पिण्याच्या पाण्यावर पसरे. नळीचे तोंड बाहेर मोकळ्या हवेत काढा, हा शेरा त्या काळच्या नोटिशींत सतत दिसतो. दुसरा दोष म्हणजे संडासाला आणि पिण्याला एकच टाकी. दोन वेगळ्या हव्यात.

*मोरी आणि ट्रॅप.* ट्रॅप म्हणजे नळीतले वाकण, त्यात साचलेले पाणी गटारातली हवा घरात येऊ देत नाही. ट्रॅपमध्ये पाणी आहे की तो सुकला आहे? न वापरल्या जाणाऱ्या मोरीचा ट्रॅप सुकतोच. वरच्या मजल्यावरून एकदम बादलीभर पाणी सोडले तर खालच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. मैल्याच्या पाइपला वर हवेचे तोंड नसले की हे हमखास.

*राख-केराची पेटी.* कोळशाच्या चुलींमुळे केरात निम्म्याहून जास्त राखच. ती वीटभट्टीवाले विकत घेत, म्हणून शतकाच्या सुरुवातीला कंत्राटदार उलट पॅरिशला पैसे देऊन केर उचलत. पुढे राखेचा भाव पडला, पॅरिशला पैसे मोजावे लागले आणि उचल अनियमित झाली. झाकण नसलेली, विटांची, भिंतीला टेकवलेली पेटी असेल तर शेजारच्या भिंतीत ओल हटकून सापडे.

यानंतर भिंती, छत, जिना. चुना कधी मारला ते बघायचे, झोपायच्या खोल्या मोजायच्या. शेवटी भाडे कोण गोळा करतो ते विचारायचे. हा प्रश्न सहज विचारल्यासारखा विचारायचा, कारण त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे प्रकरण उभे असे.

जमिनीखालचे गटार गळते आहे हे खणल्याशिवाय कसे कळे?

तीन कसोट्या होत्या, आणि तिन्हींत फसायच्या जागा ठरलेल्या होत्या.

*पेपरमिंटची.* एक माणूस छतावर, मैल्याच्या पाइपच्या तोंडाशी. तो साधारण दोन औंस पेपरमिंटचे तेल ओतून लगेच बादलीभर गरम पाणी सोडतो आणि तोंड बंद करतो. दुसरा घरात खोल्याखोल्यांतून वास घेत फिरतो. वास आला तिथे सांधा फुटका. छतावरच्या माणसाने काम संपेपर्यंत घरात पाऊल ठेवायचे नाही आणि बाटली घरात उघडायची नाही. कपड्याला लागलेल्या एका थेंबाने सगळे घर ‘गळके’ ठरते.

*धुराची.* तेलकट सुती चिंध्या एका यंत्रात जाळून भात्याने धूर गटारात भरायचा. वरच्या तोंडातून धूर निघाला की ते ओल्या मातीने बुजवायचे आणि घरात कुठे धूर दिसतो ते बघायचे. भाता जोरात मारला तर मात्र धूर ट्रॅपमधल्या पाण्यालाच भेदून बाहेर येतो आणि चांगल्या ट्रॅपवर आळ येतो. ट्रॅपमधले पाणी दोनेक इंचच खोल असते, त्याचा जोर तो किती!

*पाण्याची.* गटाराचे खालचे तोंड दट्ट्याने बंद करून वरपर्यंत पाणी भरायचे आणि तासाभराने पातळी बघायची. सर्वांत कठोर कसोटी हीच. कोरड्या नळ्या सुरुवातीला थोडे पाणी पितात आणि वाकणांत हवा अडकते, म्हणून एकदा भरून, थांबून, पुन्हा भरून मगच मोजायला लागायचे. मातीने सांधलेल्या जुन्या नळ्या या कसोटीत जवळजवळ कधीच उतरत नसत. त्यामुळे जुन्या घराला ती लावावी की नाही यावर मालकांचे वकील आणि पॅरिश यांची कायम जुंपे.

नळीचा व्यास आणि उतार हा वेगळाच विषय. प्रचलित नियम असा : ४ इंची नळीला दर ४० फुटांत १ फूट उतार, ६ इंचीला ६० फुटांत १ फूट. मोठी नळी टाकली की काम चांगले झाले अशी अनेक बिल्डरांची समजूत होती. लहान घराला ९ इंची नळी टाकली तर पाणी तळाशी पातळ पसरते, वेग मरतो आणि मैला मागे राहतो.

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट याच पॅरिशची ना?

हो. १८५४ च्या ऑगस्टअखेर सोहोमध्ये पटकी (कॉलरा) पेटली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. पटकी ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरते आहे, हे आपले म्हणणे डॉ. जॉन स्नो यांनी ७ सप्टेंबरला पॅरिशच्या गरीबखाते पाहणाऱ्या मंडळापुढे मांडले आणि ८ तारखेला पंपाचे हँडल काढले गेले. तोवर साथ उतरणीला लागलेली होती, म्हणून ‘हँडल काढले आणि साथ थांबली’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

तपासणीच्या दृष्टीने जास्त शिकण्यासारखे आहे ते पुढचे. नोव्हेंबरमध्ये विहीर आतून पाहिली गेली. भोक नाही, फट नाही, विहीर निर्दोष! शेजारच्या घराचे गटार कोणी पाहिलेच नाही. मग धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना मृत्यूच्या नोंदी चाळताना ४० नंबरच्या घरातली पाच महिन्यांची मुलगी सापडली. कारण जुलाब लिहिलेले, पटकी नव्हे, त्यामुळे ती कोणाच्या हिशेबातच नव्हती. तिची दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाखड्ड्यात ओतले गेले होते. १८५५ च्या एप्रिलमध्ये खणले तेव्हा त्या खड्ड्याच्या विटा हाताने सहज निघत होत्या आणि विहिरीपासूनचे अंतर तीन फुटांहूनही कमी भरले. बाळाच्या वडिलांना पटकी झाली ती ८ सप्टेंबरलाच. हँडल त्या दिवशी निघाले नसते तर तोच खड्डा पुन्हा विहिरीत उतरला असता.

उलट बाजूचे पुरावेही त्याच गल्लीत होते. जवळच्या पोलंड स्ट्रीटवरच्या गरीबगृहात ५३५ माणसे होती आणि पटकीने गेली ५. त्यांची विहीर स्वतःची होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूभट्टीतल्या सत्तरेक कामगारांपैकी एकही गेला नाही. ते बिअरच पीत.

खोलीत किती माणसे ‘जास्त’ हे कसे ठरवत?

हवेच्या घनफुटांवर. लांबी × रुंदी × उंची काढायची. पुढे रूढ झालेल्या उपविधींत फक्त झोपायच्या खोलीला मोठ्या माणसामागे ३०० घनफूट आणि राहण्या-झोपण्याच्या एकाच खोलीला ४०० घनफूट लागत. दहा वर्षांखालचे मूल अर्धे. १२ × १० फुटांची, ८ फूट उंचीची खोली म्हणजे ९६० घनफूट. तिथे नुसते झोपायचे असेल तर तीन मोठी माणसे, पण चूलही तिथेच असेल तर नवरा-बायकोचेच ८०० झाले आणि दहाखालच्या एका मुलाला २०० कुठून आणायचे? १६० च उरतात. पै-पैशाने मोजणारे कुटुंब इथे नियमभंगात सापडे.

दिवसा गेले तर खोलीत दोनच माणसे दिसत, म्हणून तपासणी रात्री लागे. पॅरिशला ती नको असे, कारण बाहेर काढलेली माणसे जातील कुठे हे कोणालाच माहीत नव्हते. शेजारच्या गल्लीतच जात.

नोटीस दिल्यावर पुढे काय व्हायचे?

पहिल्या फेरीत तोंडी सूचना किंवा साधा कागद. बरीच कामे, म्हणजे ट्रॅप बसवणे, चुना मारणे, पिंपाला झाकण करणे, इथेच होऊन जात. नाही झाली तर प्रकरण व्हेस्ट्रीच्या समितीपुढे, तिथून औपचारिक नोटीस, मग दंडाधिकाऱ्यासमोर समन्स, मग न्यूसन्स दूर करण्याचा हुकूम. तो मोडला तर १८५५ च्या कायद्याने दिवसाला १० शिलिंगपर्यंत दंड (२० शिलिंग म्हणजे एक पौंड). अगदी शेवटी पॅरिश स्वतः काम करून खर्च वसूल करू शके.

‘मालक’ कोण हा यातला कळीचा प्रश्न. लंडनमध्ये जमीन एकाची, दीर्घ पट्टा दुसऱ्याचा, घर आणखी तिसऱ्याने घेऊन खोल्याखोल्यांनी पोटभाड्याने दिलेले. कायद्याने जो भाडे घेतो त्यालाच मालक धरले, तो दलाल का असेना. नाव मिळाले नाही तर कागदावर नुसते ‘मालक’ लिहून तो घरात द्यायची सोय होती. म्हणूनच तो शेवटचा सहज प्रश्न!

नोटवहीत तारीख, वेळ, खोलीची मापे आणि ‘स्वतः पाहिले’ की ‘भाडेकरूने सांगितले’ हे वेगवेगळे लिहिले नसेल तर कोर्टात वकील इन्स्पेक्टरला पाच मिनिटांत गार करी.

एवढे अधिकार होते, मग गल्ल्या वर्षानुवर्षे तशाच का राहिल्या?

कारण नोटिशीवर सही करणाऱ्या समितीत घरमालकच बसत. व्हेस्ट्रीचा सभासद व्हायला साधारणपणे ४० पौंडांच्या करपात्र घराची अट होती, म्हणजे दुकानदार, बिल्डर, घरांचे ठेकेदार. १८८४-८५ च्या गृहनिर्माण आयोगापुढे क्लर्कनवेल व्हेस्ट्रीतल्या सभासदांची नावे निकृष्ट घरांचे मालक म्हणून उघड झाली. माइल एंडमध्ये एक लाखाहून जास्त वस्तीला एकच इन्स्पेक्टर आहे हेही तिथेच नोंदले गेले. कायदा कमी पडला असे म्हणण्यापेक्षा तो मुद्दाम उपाशी ठेवला गेला असे म्हणणे जास्त खरे. इन्स्पेक्टर वाढवायचा म्हणजे कर वाढणार, आणि त्याने काम चोख केले तर दुरुस्तीचा खर्चही आपल्याच डोक्यावर. हे दोन्ही हिशेब सभासदाला तोंडपाठ होते.

भाडेकरूही फार तक्रार करत नसे. आठवड्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला आठवड्याच्या मुदतीत बाहेर काढता येई. दुरुस्ती झालीच, तर भाडे वाढे.

रोग्याची खोली कशी शुद्ध करत?

गंधक जाळून. दर हजार घनफुटांना सुमारे एक पौंड गंधक. खिडक्या, धुराडे, फटी कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवून बंद. पाणी भरलेल्या टबात विटा, त्यावर लोखंडी कढई, कढईत गंधक आणि पेटायला थोडे स्पिरिट. दार बाहेरून चिकटवून खोली दिवसभर बंद. मग कागदाचे अस्तर खरवडून भिंतींना चुना. टबातले पाणी आगीसाठी तर असेच, शिवाय कोरड्या हवेत गंधकाचा धूर जवळजवळ निरुपयोगी असतो. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी दाखवले की गंधकाच्या धुराने जंतूंचे बीजाणू मरत नाहीत. तरी ही पद्धत पुढे कितीतरी वर्षे टिकली. खरवडणे, धुणे आणि चुना यांचा उपयोग झाला आणि श्रेय वासाला मिळाले. गाद्या-कपड्यांसाठी वाफेच्या भट्ट्या आल्या, त्या खऱ्या कामाच्या.

रोगी आहे हे कळणेच आधी अवघड होते. १८८९ च्या कायद्याने देवी, पटकी, घटसर्प, लोहितांग ज्वर, विषमज्वर वगैरे रोग कळवणे लंडनमध्ये डॉक्टरांना सक्तीचे झाले. खासगी रोग्यामागे त्यांना अडीच शिलिंग मिळत.

बेकऱ्या आणि मटणाची दुकाने?

१८६३ च्या कायद्याने बेकरीला सहा महिन्यांतून एकदा चुना, किंवा तेलरंग असेल तर सहा महिन्यांनी गरम पाणी-साबणाने धुणे. भट्टीशेजारी झोपायची खोली असेल तर मधली भिंत छतापर्यंत. अठराखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच काम नाही. लंडनच्या बेकऱ्या बहुतेक तळघरात, बऱ्याचदा गटाराच्या झाकणालगत. पिठाचे पोते नेमके कशावर ठेवले आहे ते बघणे हा तपासणीचा पहिला भाग. नासके मांस जप्त करून दंडाधिकाऱ्याला दाखवायचे. त्याने नापास केले की नष्ट, आणि विकणाऱ्याला प्रत्येक तुकड्यामागे २० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

रोग दुर्गंधीने होतात असे मानणाऱ्यांचे काम मग बरोबर कसे निघाले?

वास जिथे येई तिथे बहुधा मैलाही असे. तो हलवला की जंतूही हलले. पण चूक सिद्धांताची किंमत मोजावी लागलीच. सफाई सुधारणांचे पुढारी एडविन चॅडविक यांच्या काळात घरांतले मैलाखड्डे धडाक्याने गटारांत रिकामे केले गेले, गटारे थेम्समध्ये, आणि काही पाणी कंपन्या थेम्समधूनच पाणी उचलत होत्या. घरातला वास गेला. पाणी मात्र आणखी बिघडले.

मुंबईशी याचा काही संबंध आहे?

सरळ संबंध आहे. मुंबईचा १८६५ चा पालिका कायदा झाला तेव्हा लंडनचा हा प्रयोग दहा वर्षांचा होता. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले आणि डॉ. हेवलेट आरोग्य अधिकारी. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातही ‘न्यूसन्स’ची व्याख्या आहे, आणि हा शब्द मराठीत रुळला तो अशाच नोटिशींमधून असे मानायला जागा आहे.

जुने अहवाल वाचायचे असतील तर?

लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे हजारो वार्षिक अहवाल वेलकम संग्रहाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. सेंट जेम्सच्या व्हेस्ट्रीची कागदपत्रे वेस्टमिन्स्टरच्या अभिलेखागारात आहेत. आकडे वाचताना तीन गोष्टी तपासा. हद्दीत रुग्णालय किंवा गरीबगृह असेल तर बाहेरच्यांचे मृत्यू त्या पॅरिशच्या नावावर मोजले आहेत का? श्रीमंत भागात तरुण नोकर जास्त असतात आणि आजारी पडले की त्यांना गावी पाठवले जाते, म्हणून सेंट जेम्स स्क्वेअरचा मृत्युदर दिसतो त्याहून थोडा जास्त धरावा. आणि लोकसंख्या दहा वर्षांतून एकदाच मोजली जाई; मधल्या वर्षांचा आकडा अंदाजाचा. दुकाने आणि कचेऱ्या वाढून वस्ती ओसरत असलेल्या पॅरिशमध्ये तो अंदाज जास्त धरला गेला, की मृत्युदर आपोआप कमी दिसे, आणि व्हेस्ट्री त्याचे श्रेय घेई.